व्हिटॅमिन डी कमी निघालं, आठ कॅप्सूल मिळाल्या. पुढे काय करायचं?

रिपोर्टवर ‘२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’ या ओळीपुढे ११ किंवा १४ असा आकडा, आणि हातात आठ कॅप्सूलची चिठ्ठी. कोल्हापुरात औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहिलं की अशी माणसं रोज भेटतात. कॅप्सूल घेऊन जातात, आणि नंतर बहुतेकांचं दोनपैकी एक होतं. काही जण आठ कॅप्सूल संपल्या की सगळं सोडून देतात. काही जण डॉक्टरांकडे परत न जाता तीच जुनी चिठ्ठी वर्षभर चालवतात. दोन्हीकडे नुकसान आहे. हे औषध महाग नाही, कडू नाही, घ्यायलाही सोपं आहे. सुटतं ते ठरल्या वेळी डॉक्टरांकडे परत जाणं. ज्यांच्या रिपोर्टमध्ये हे पहिल्यांदाच आलंय, त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहितोय. मी फार्मासिस्ट आहे. डोस किती आणि किती दिवस, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. त्यांच्याशी नीट बोलता यावं म्हणून हा लेख.

आकडा वाचताना

आधी आकड्याशेजारचं एकक बघा. आपल्याकडच्या बहुतेक लॅब नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये आकडा देतात. काही रिपोर्टवर नॅनोमोल प्रति लिटर असतं, त्याला अडीचने भागलं की आपला नेहमीचा आकडा मिळतो. म्हणजे तिथला ५० हा इथला २०. दोन वेगळ्या एककांतले रिपोर्ट शेजारी ठेवून ‘एकदम वाढलं’ किंवा ‘एकदम घसरलं’ म्हणून घाबरू नका.

साधारणपणे २० च्या खाली कमतरता धरतात. २० ते ३० मधल्यांना अनेक लॅब ‘अपुरं’ असं छापतात, पण २० च्या वर असलं तर बहुतेकांच्या हाडांना ते पुरतं असं मानणारे तज्ज्ञही आहेत. म्हणून २४ आकडा आलेल्या माणसाला एक डॉक्टर औषध देतील, दुसरे नुसतं ऊन आणि आहार सांगतील. दोघांपैकी कोणी चुकलं असं होत नाही. १२ च्या खाली मात्र गोष्ट गंभीर होते, हाडं मऊ पडायचा धोका असतो. मांडी घालून बसल्यावर उठताना हात टेकावा लागतो, जिना चढताना मांड्या साथ देत नाहीत, कंबर, बरगड्या, नडगीची हाडं दाबली की दुखतात. अशी तक्रार असेल तर ती डॉक्टरांना याच शब्दांत सांगा. ‘अशक्तपणा आहे’ एवढ्यावरून त्यांना काही कळत नाही.

थकवा आला, केस गळले, झोप लागेना, की सगळं खापर व्हिटॅमिन डीवर फोडायची सवय लागली आहे. थकव्याच्या मागे रक्त कमी असणं, थायरॉईड, बी१२, साखर यांतलं काहीही असू शकतं. डी कमी निघालं म्हणून बाकीचं बघायचं राहून जायला नको.

पहिल्या भेटीत हे सांगाच

चिठ्ठी लिहायच्या आधी काही गोष्टी डॉक्टरांच्या कानावर गेल्या पाहिजेत. मुतखडा होऊन गेलाय का? किडनीचा आजार आहे का? टीबी आहे किंवा होता का? सार्कोइडोसिस नावाचा आजार कुणी सांगितलाय का? रक्तात कॅल्शियम जास्त असल्याचं किंवा पॅराथायरॉईड ग्रंथीचा त्रास असल्याचं कधी निघालंय का? यांतलं एकही उत्तर ‘हो’ असेल तर नेहमीचा मोठा डोस तसाच चालवता येत नाही. किडनीच्या रुग्णांना बऱ्याचदा वेगळ्याच प्रकारचं डी लागतं. अल्फाकॅल्सिडॉल आणि कॅल्सिट्रिऑल ही औषधं शरीरात जाऊन लगेच काम करणारी असतात, साध्या डी३ च्या (म्हणजे व्हिटॅमिन डीच्या नेहमीच्या प्रकाराच्या) कॅप्सूलशी त्यांची अदलाबदल चालत नाही. शेजाऱ्याची ‘तीच डीची गोळी’ तुमची नसते, ती यामुळे.

नंतर चालू औषधं. बीपीच्या काही गोळ्यांत क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायाझाइड असतं, त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं. हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांना वाढलेलं कॅल्शियम धोक्याचं. याउलट फिटसाठीचं फेनिटॉइन, टीबीवरचं रिफॅम्पिसिन, दीर्घकाळ चालणारी स्टिरॉइडची गोळी यांमुळे डी कमी पडतं, डोस कदाचित वाढवावा लागतो. नावं लक्षात राहत नाहीत, राहायची गरजही नाही. घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. त्यात कॅल्शियमची गोळी, मल्टिव्हिटॅमिन, जिममधून आणलेली प्रोटीन पावडर हेही येऊ द्या. कॅल्शियमच्या अनेक गोळ्यांत आधीच २५० ते ५०० युनिट डी३ असतं, म्हणजे न कळत दोन-तीन ठिकाणांहून तेच औषध पोटात जातं. गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर तेही आधी सांगा.

डीबरोबर कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी तपासणी) बघून घेणं बरं. हाडं दुखत असतील किंवा आकडा फारच खाली असेल तर डॉक्टर फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि पॅराथायरॉईड हॉर्मोनही सांगतात. डीच्या तपासणीला उपाशीपोटी जायची गरज नसते. लॅबमध्ये एकच सांगा: केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनची गोळी चालू असेल तर त्याने काही तपासण्यांचे आकडे चुकू शकतात.

आठवड्याला एक, म्हणजे एकच

मोठ्या माणसांना आपल्याकडे सर्रास दिला जाणारा डोस म्हणजे ६०,००० युनिट डी३, आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे. कॅप्सूल असेल, पुडी असेल, नाहीतर छोट्या बाटलीतलं द्रव. वजन बरंच जास्त असेल, किंवा पोटाच्या आजाराने अन्न नीट शोषलं जात नसेल, तर डॉक्टर हा काळ किंवा डोस वाढवतात.

सगळ्यात मोठी चूक इथे होते, म्हणून इथे जरा थांबतो. बाकीच्या सगळ्या गोळ्या माणूस रोज घेतो, तेव्हा हीही हाताच्या सवयीने रोज घेतली जाते. काउंटरवरचं हे बोलणं मी बऱ्याचदा ऐकलंय:

“मावशी, ही रोज नाही हं. आठवड्याला एक.”

“एवढीशी तर हाय. रोज घेतली तर लवकर गुण येईल न्हवं?”

येत नाही. एका कॅप्सूलमध्ये ६०,००० युनिट असतात, आणि निरोगी मोठ्या माणसाची रोजची शिफारस आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२० मध्ये ६०० युनिट ठेवली आहे. आठवड्याची कॅप्सूल महिनाभर रोज घेतली तर १८ लाख युनिट पोटात जातात. डी चरबीत साठतं, लघवीवाटे सहज निघून जात नाही, त्यामुळे चूक कळल्यावर औषध थांबवलं तरी त्रास कित्येक आठवडे, कधी महिने राहतो.

म्हणून घरी जायच्या आधीच, दुकानातच, पाकिटाच्या मागच्या चंदेरी बाजूला प्रत्येक कॅप्सूलवर मार्करने तारीख लिहून घ्या. तुम्ही मागितलंत तर कुठलाही फार्मासिस्ट अर्ध्या मिनिटात लिहून देईल. अनेक कंपन्यांचं पाकीट चार कॅप्सूलचं असतं, म्हणजे दोन पाकिटं, आठ तारखा. त्याच तारखांवर घरच्या कालनिर्णयवर गोल करा. म्हाताऱ्या माणसाचं औषध असेल तर रोजच्या गोळ्यांच्या डब्यात ही कॅप्सूल टाकूच नका, वेगळी ठेवा.

वार निवडताना उपवासाचा वार टाळा. हे औषध तेलातुपाच्या जेवणाबरोबर चांगलं शोषलं जातं, उपवासाला वरीच्या भाताच्या दोन घासांवर किंवा रिकाम्या पोटी चहावर घेतलं तर त्यातलं बरंच वाया जाऊ शकतं. कोल्हापुरात सोयीचा वार म्हणजे रविवार. दुपारी ताट भरून जेवण, मटण आणि तांबडा-पांढरा असतो, सगळी घरात असतात, कुणीतरी आठवण करतंच. घरात जोतिबाचा रविवार पाळत असतील तर बुधवार धरा. शाकाहारी घरात भाताबरोबर चमचाभर तूप घेतलं, किंवा सायीच्या दुधाबरोबर पुडी घेतली, तरी काम होतं. त्या वारी विसरलात तर आठवेल त्या दिवशी एक घ्या, पण भरपाई म्हणून एकाच दिवशी दोन कधीही नाही.

कॅल्शियमची गोळीही लिहून दिली असेल तर ती थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवा, आणि लोहाच्या गोळीबरोबरही घेऊ नका. कॅल्शियम कार्बोनेट असेल तर ते जेवणाबरोबर. पाकिटावर १२५० मिलिग्रॅम कार्बोनेट लिहिलेलं असतं, त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम असतं. दिवसाची गरज साधारण १००० मिलिग्रॅमची, आणि नाचणीची भाकरी, तीळ, दूध-दही खाणाऱ्या घरात तिचा मोठा भाग ताटातूनच भागतो. किती गोळ्या लागतील हे आहार सांगून डॉक्टरांना विचारा.

‘एकदाच इंजेक्शन घेतो, कटकट नको’ असंही पुष्कळ जण म्हणतात. अन्न शोषलंच जात नाही अशांना इंजेक्शन लागतं. बाकीच्यांनी हट्ट धरू नये. ऑस्ट्रेलियात सत्तरी ओलांडलेल्या बायकांना वर्षातून एकदाच तोंडावाटे ५ लाख युनिट देऊन पाहिले. २०१० साली आलेल्या निकालात त्या बायका उलट जास्त पडल्या आणि त्यांची हाडं जास्त मोडली. एका दमात मोठा डोस देण्याचा उत्साह त्यानंतर बऱ्याच डॉक्टरांनी आवरला.

ऊन आणि दूध

रंकाळ्याला पहाटे सहाला फिरणाऱ्यांचाही डी कमी निघतो, आणि ते चिडतात. फिरणं चालूच ठेवा, हृदयाला आणि साखरेला ते चांगलंच आहे, पण त्या वेळच्या तिरप्या उन्हात कातडीत डी तयार करणारे किरण फारसे खालपर्यंत पोचत नाहीत. साधी खूण: तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल ते ऊन कामाचं. कोल्हापूरच्या अक्षांशावर एप्रिलमध्ये सकाळी साडेनऊलाच सावली आखूड होते, डिसेंबरमध्ये अकरा वाजून जावे लागतात. दंड, पाय, पाठ उघडी ठेवून १५ ते ३० मिनिटं, आठवड्यातून तीन-चार वेळा बसलं तरी उपयोग होतो. सावळ्या रंगाला जास्त वेळ लागतो. काचेतून आलेलं ऊन चालत नाही, गॅलरीची काच उघडावी लागते. कातडी लाल होईपर्यंत बसायचं नाही, आणि मे महिन्यात म्हाताऱ्यांना भर दुपारी गच्चीवर बसवायचं तर अजिबात नाही.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत रात्रपाळी करणारा माणूस, इचलकरंजीत दिवसभर मागावर उभा राहणारा माणूस, अंथरुणाला खिळलेली आजी, यांना हा सल्ला पाळणं अवघड आहे. तुमचं असं असेल तर डॉक्टरांना कामाच्या पाळीसकट सांगा. तुमचा पुढचा डोस त्यावर ठरायला हवा.

दुधाबद्दल आपल्याकडे मोठा विश्वास, आणि कॅल्शियमच्या बाबतीत तो खराही आहे. गंगावेशीत उभ्याने प्यालेल्या धारोष्ण दुधात कॅल्शियम भरपूर असतं, डी मात्र नावापुरतं. वरून डी घातलेल्या दुधाच्या पिशवीवर निळं ‘प्लस एफ’ चिन्ह असतं. त्यातही लिटरमागे साधारण २०० ते ३०० युनिटच असतात. अंड्याचा पिवळा बलक आणि बांगड्यासारखा तेलकट मासा यांची थोडी मदत होते. आकडा ११ असताना नुसत्या आहारावर तो भरून निघत नाही.

परत कधी जायचं

आठ आठवडे संपले, दुखणं कमी झालं, आणि माणूस म्हणतो, “आता दुखायचं थांबलंय, कशाला जायचं?” पण ज्या कारणाने डी कमी झालं होतं, घरातलं किंवा शेडमधलं काम, वय, वजन, पावसाळा, ते कारण तसंच असतं. औषध थांबलं की आकडा हळूहळू खाली यायला लागतो.

फेरतपासणी औषध सुरू केल्यापासून साधारण तीन महिन्यांनी करतात. रक्तातल्या या डीचं प्रमाण निम्म्यावर यायला दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे डोस बदलल्यावर आकडा स्थिर व्हायला वेळ द्यावा लागतो. तीन आठवड्यांनीच उत्सुकतेपोटी तपासलं तर पैसे जातात आणि आकड्यावरून काही ठरवता येत नाही. पहिल्या दिवशीच डॉक्टरांना विचारा, “फेरतपासणी कोणत्या महिन्यात करायची?” आणि तो महिना चिठ्ठीवर त्यांच्याच हाताने लिहून घ्या. तपासणी शक्यतो त्याच लॅबमध्ये करा, कारण यंत्राची पद्धत बदलली की आकडा थोडा इकडेतिकडे होतो. ऋतूही लक्षात ठेवा: चार महिने ढगाखाली काढल्यावरचा ऑक्टोबरमधला आकडा मे महिन्यातल्या आकड्याशी नुसता जुळवू नका.

सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयात किंवा महापालिकेच्या दवाखान्यात दाखवत असाल तर पुढच्या वेळी समोर तेच डॉक्टर असतील असं नाही. केसपेपर, पहिला रिपोर्ट आणि रिकामी पाकिटं एका फाईलमध्ये ठेवा. किती कॅप्सूल खरंच घेतल्या, किती चुकल्या, ते खरं सांगा. पाच घेऊन आठ सांगितल्या तर डॉक्टरांना वाटतं औषध लागू पडत नाही, आणि ते डोस वाढवतात.

सगळ्या कॅप्सूल नीट घेऊनही आकडा हलला नसेल तर कारण शोधायला लागतं. रिकाम्या पोटी घेतल्या का, पातळ जुलाब किंवा सीलिअॅकसारखा शोषणाचा त्रास आहे का, लिव्हरचा आजार, वजन, फिटची गोळी. ही चौकशी झाल्याशिवाय पुन्हा आठ कॅप्सूल सुरू करणं म्हणजे अंदाजाने चालणं. आणि आकडा ३५ वर आला तरी अंग तितकंच दुखत असेल तर ‘अजून डी वाढवा’ असं म्हणू नका, ‘आता दुसरं काय बघायचं’ असं विचारा.

नंतरचा छोटा डोस

आकडा भरला की बहुतेकांना देखभालीचा डोस लागतो: रोज १००० ते २००० युनिटची छोटी गोळी, किंवा महिन्यातून एकदा ६०,००० ची कॅप्सूल. महिन्याची कॅप्सूल असेल तर पुन्हा तारीख ठरवा. पगाराचा दिवस अनेकांच्या लक्षात राहतो. किती काळ चालवायची हे नक्की विचारून घ्या. देखभालीवर सगळं ठीक असताना दर तीन महिन्यांनी रक्त काढायची गरज नसते. पुढची तपासणी कधी, ते डॉक्टर तुमचं वय, हाडं आणि किडनी बघून सांगतील.

घरातल्या एकाचं कमी निघालं म्हणून उरलेल्या कॅप्सूल सगळ्यांनी वाटून घेऊ नयेत. अमेरिकेत २५ हजारांहून जास्त लोकांना रोज २००० युनिट किंवा खोटी गोळी देऊन वर्षानुवर्षं पाहिलं. २०१८ साली आलेल्या निकालात कॅन्सर किंवा हृदयविकार होण्याचं प्रमाण डीमुळे कमी झालं नव्हतं. ज्यांना कमतरता नाही त्यांना मोठ्या डोसचा फायदा नाही, धोका मात्र आहे. लहान बाळाच्या बाबतीत तर विशेष जपा. बाळाचे थेंब रोज ४०० युनिटच्या हिशोबाचे असतात, आणि मोठ्यांची ६०,००० ची छोटी बाटली दिसायला तशीच असते. दोन्ही एका कपाटात ठेवू नका, आणि थेंबांच्या बाटलीवर एका मिलिलिटरला किती युनिट ते प्रत्येक नव्या बाटलीला वाचा, कारण कंपनी बदलली की ते बदलतं.

वाट न बघता कधी जायचं

सारखी तहान, वारंवार लघवी, भूक मरणं, मळमळ-उलटी, घट्ट शौच, सुस्ती, म्हाताऱ्या माणसाचं असंबद्ध बोलणं: डी घेणाऱ्या माणसात ही लक्षणं एकत्र दिसली तर रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं असू शकतं. डी आणि कॅल्शियम दोन्ही थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कॅल्शियम आणि क्रिएटिनिन बघायला सांगा. उलट, आकडा फारच कमी असलेल्या कुणाला औषध सुरू झाल्यावर ओठाभोवती, बोटांत मुंग्या येऊ लागल्या किंवा हातपाय वळायला लागले, तर कॅल्शियम खाली गेलेलं असू शकतं. तेही त्याच दिवशीचं काम आहे.

याशिवाय मुतखड्याची कळ आली, दिवस गेले, फिटची, टीबीची किंवा बीपीची नवी गोळी सुरू झाली, किंवा साध्या पडण्याने हाड मोडलं, तर चिठ्ठीवर लिहिलेल्या महिन्यापर्यंत थांबू नका, फाईल घेऊन आधीच जा.